कूर्माहार मंडळ, बसवनगुडी

घरात कोणी काय खावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तोच त्या घराचा खरा प्रमुख होय. बाकीचे सारे, फाटकावर त्यांच्या नावाची पाटी का असेना, त्या घरात जेवायला येतात एवढेच.

कन्नड मुलखातल्या बसवनगुडीच्या हयवदनरावांना हे सत्य सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच सकाळी उमगले. सरकारी खात्यात ते उपसंचालक होते आणि त्यांच्या शेऱ्याशिवाय तेथे पंख्याचे पातेदेखील बदलत नसे. त्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी उप्पिटाऐवजी अवलक्की, म्हणजे पोहे, करावी असा आदेश दिला. कृष्णाबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि उप्पीट केले. सून मनस्विनी बँकेत होती. तिला काही सांगावे तर ती "सरी अण्णा", म्हणजे बरं अण्णा, म्हणे आणि बस पकडायला जाई. मुलगा वादिराज संगणकाच्या कंपनीत होता आणि निम्मा महिना सिंगापुरात असे. सारांश, हाताखाली कोणी उरले नव्हते. उरला होता तो गुंडण्णा.

गुंडण्णा हे परसातले कासव. कन्नडमध्ये गुंड म्हणजे गोल गरगरीत. (पुण्याकडच्या पाहुण्यांचा या नावाने गैरसमज होई; तो कासव पाहिल्यावर दूर होई.) कृष्णाबाईंनी त्याला लहानाचे मोठे केले होते. दहीभात, केळे, डोशाच्या कडा आणि सणावारी होळिगेचा, म्हणजे पुरणपोळीचा, तुकडा, असा त्याचा आहार होता. घरातल्या इतर पुरुषांचाही तोच होता, आणि इतरांप्रमाणेच त्याचीही हालचाल मंदावत चालली होती. एके दिवशी त्याने चालणेच बंद केले. पाठीवरचे कवच अंगठ्याने दाबले तर दबू लागले. कृष्णाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

जनावरांचे डॉक्टर पुरुषोत्तम यांनी गुंडण्णाला उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "अक्का, हा भाताने मरतोय. भात बंद, दही बंद, डोसा बंद. पाला द्या. जास्वंदीची पानंफुलं, शेवग्याचा पाला, स्वल्प दुधी. भरपूर ऊन. परदेशात कासवांसाठी गोळ्यांचं खाणं मिळतं, ते मिळालंच तर चिमूटभर, भिजवून."

कृष्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. हयवदनरावांच्या डोळ्यांत मात्र कित्येक महिन्यांनी तेज आले. घरात एक प्राणी असा निघाला होता, की ज्याने काय खावे हे ठरविण्याचा अधिकार कृष्णाबाईंकडून रीतसर काढून घेण्यात आला होता.

त्यांनी तातडीने कारभार हाती घेतला. सकाळी सूर्यप्रकाश. त्यानंतर पाला, बारीक चिरून. दुपारी विश्रांती (गुंडण्णाची, हयवदनराव देखरेख करीत). सायंकाळी जास्वंद. स्वयंपाकघरातून परसाकडे जाणारे दहीभाताचे दळणवळण पूर्णपणे बंद करण्यात आले. आणि पुढच्या खेपेला वादिराजाने सिंगापुराहून कासवांच्या खाण्याचे डबे आणले. डब्यावर कासवाचे प्रसन्न चित्र होते. बाकी सारा मजकूर चिनी लिपीत असल्यामुळे अत्यंत विश्वासार्ह वाटत होता.

हयवदनरावांनी डबा उघडला. आत तपकिरी, कुरकुरीत काड्या होत्या. कृष्णाबाई आतून म्हणाल्या, "तो डबा स्वयंपाकघरात आणायचा नाही. वास येतो."

"शास्त्रीय वास आहे तो," हयवदनराव म्हणाले.

"असेल. पण बाहेर ठेवा."

डबा पडवीत राहिला. शेजारच्या दोन मांजरी त्या दिवसापासून पडवीत येऊन बसू लागल्या. सात्त्विक अन्नाचे आकर्षण मुक्या प्राण्यांनाही असते, अशी नोंद हयवदनरावांनी मनात केली.

गुंडण्णाचा विचार वेगळा निघाला. पाला तो आवडीने खाई. काडी पुढे केली की मान आत घेई. भिजवून दिली, पाल्यात लपवून दिली, जास्वंदीच्या फुलात गुंडाळून दिली. तो फूल खाई आणि काडी बाजूला ठेवी. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला अवज्ञा सहन होते, पण नासाडी होत नाही. परदेशातून आलेला माल वाया जाणार, या कल्पनेने व्याकूळ होऊन हयवदनरावांनी एक काडी तोंडात टाकली.

कुरकुरीत होती, किंचित खारट. त्यांनी दुसरी टाकली.

येथून पुढचा तर्क सरळ आहे. कासव शंभर-दीडशे वर्षे जगते. कासव जगते ते खाण्यावर. त्याचे खाणे आता शास्त्रोक्त रीतीने डब्यात मिळते. तेव्हा मृत्यूविषयी जी काही घाई आजवर चालली होती, ती अज्ञानापोटी. हयवदनरावांनी हा विचार लालबागेच्या उद्यानात रोज फिरायला येणाऱ्या मित्रांपुढे मांडला, आणि कूर्माहार मंडळाची स्थापना झाली.

सभासद रोज सायंकाळी हयवदनरावांच्या पडवीत जमत. आधी शेवग्याचा पाला, दुधीचा कीस आणि जास्वंदीची पाने यांची कोशिंबीर. मग चुरमुरी, म्हणजे तिकडची भेळ. चुरमुऱ्यांच्या जागी त्या काड्या, वर किसलेले गाजर, कोथिंबीर, मिरची आणि लिंबू. (कांदा वर्ज्य. आचाराच्या बाबतीत मंडळ कडक होते.) खाताना बोलायचे नाही, चालताना घाई करायची नाही, आणि घरी कोणी रागावल्यास मान आत घ्यायची. कापडाचे व्यापारी मधुकरराव यांचा गुडघा आठवड्यात सुधारला. पद्मावतीबाईंना झोप लागू लागली. मंडळाच्या पाहणीत असे आढळले, की पाल्यावर वाढलेल्या कासवांपैकी शंभर टक्के कासवांना मधुमेह नाही. (पाहणी केलेल्या कासवांची संख्या : एक.)

खाणे झाल्यावर हयवदनराव बोलत आणि माणसे ऐकत. कुणी शंका विचारी, ते निवारण करीत. त्यांचे खांदे पुन्हा ऑफिसातल्यासारखे ताठ झाले. कृष्णाबाई आतून हे पाहत आणि पडवीतला दिवा स्वतः लावून ठेवीत.

अडचण एकच होती. पाला सभासदांना पुरेना. परसातली जास्वंद बोडकी झाली, शेवग्याच्या फांद्या ओरबाडल्या गेल्या, गांधी बाजारातल्या पालेवाल्या बाईची टोपली मधुकरराव सकाळीच रिकामी करून आणत. नुकताच चार पावले टाकू लागलेला गुंडण्णा कोरड्या जमिनीवर तोंड आपटत फिरू लागला. कृष्णाबाईंनी गाऱ्हाणे घातले, तेव्हा उपलब्ध पाल्याचे वाटप ज्येष्ठतेनुसार होईल असे उत्तर मिळाले. गुंडण्णा वयाने बराच लहान होता.

एप्रिलमध्ये वादिराज परत आला तेव्हा बापाने त्याच्याकडे आणखी डझनभर डबे मागितले. मनस्विनीने त्याला खोलीत गाठले.

"हे कशाचं असतं रे?"

"मासळीची पूड. पाण्यातल्या कासवांचं खाणं आहे ते, दुकानात तेवढंच मिळालं. एवढे डबे कशाला हवेत?"

"कासव नाही खात. अण्णा खातात. आणि मधुकरकाका, आणि पद्मावतीकाकू."

वादिराज बराच वेळ बूट काढत राहिला.

"मी कासवासाठी आणलं होतं," तो शेवटी म्हणाला. "अण्णांना तू सांग. तू घरी असतेस."

"मी बँकेत असते. मुलगा तू आहेस."

घरातली अशी सर्व कामे शेवटी जिथे जातात, तिथेच हेही गेले. मनस्विनीने सासूला सांगितले. कृष्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"माझे वडील मलप्याला पोस्टमास्तर होते," त्या म्हणाल्या. "समोर किनाऱ्यावर मासळी सुकायची. मला डबा उघडला तेव्हाच कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"वास येतो म्हटलं होतं. कुठला, ते त्यांनी विचारलं नाही."

वैशाखी पौर्णिमेला कूर्मजयंती आली. मंडळाने सामूहिक सेवनाचा कार्यक्रम ठेवला आणि प्रमुख पाहुणे म्हणून सुब्बारावांना बोलावले. सुब्बाराव संस्कृतचे निवृत्त शिक्षक, अत्यंत कर्मठ. बायको गेल्यापासून स्वतः सोवळ्यात शिजवून खात आणि परक्या घरचे पाणीही घेत नसत. पण कूर्मावताराच्या दिवशी कूर्माचेच अन्न म्हणजे प्रसाद, असे हयवदनरावांनी त्यांना पंधरा मिनिटांत पटवून दिले होते. ते त्यांच्या आयुष्यातले सर्वोत्तम भाषण होते, असे अजूनही काही जण मानतात.

पडवी भरली. शेजारच्या मांजरींनी आपली आणखी नातेवाईक मंडळी आणली होती. सुब्बारावांनी हातपाय धुतले, आसनावर बसले, पानाभोवती पाणी फिरवले आणि घास उचलला.

कृष्णाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सुब्बाराव, ते खाऊ नका. त्यात मासे आहेत."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, मीठ कमी पडलंय हे सांगावं तसा. सुब्बारावांनी घास परत पानावर ठेवला. पडवीत मधुकररावांच्या तोंडातला घास तेवढा कुरकुरत होता आणि तो थांबवावा की संपवावा हे त्यांना ठरवता येत नव्हते. पद्मावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. हयवदनरावांनी मुलाकडे पाहिले. वादिराज मांजरींकडे पाहत होता, त्यावरून त्यांना सगळे समजले.

सुब्बाराव उठले. "अक्का, तुमचे उपकार झाले," एवढे म्हणून त्यांनी चपला घातल्या. त्यांच्यामागून एकेक करून सारी पडवी रिकामी झाली.

त्या आठवड्यात बसवनगुडीत पंचगव्याचा बराच खप झाला. प्रायश्चित्त कशाबद्दल आहे हे कोणी भटजींना सांगितले नाही, आणि इतक्या लोकांना एकदमच का हवे आहे हे भटजींनी विचारले नाही. मंडळ आपोआप बरखास्त झाले.

हयवदनराव परसात खुर्ची टाकून बसू लागले. लालबागेत जाणे बंद केले. एका दुपारी कृष्णाबाई पाल्याची टोपली घेऊन शेजारी येऊन बसल्या.

"मला एकट्याला आधी सांगितलं असतं तर?" ते म्हणाले.

"सांगणार होते. पण इतक्या दिवसांनी तुमचं कोणीतरी ऐकत होतं." त्यांनी दुधीच्या सालांचा ढीग गुंडण्णापुढे सरकवला. "तुमचं ठीक आहे, तुम्ही हॉटेलात खाता. सुब्बारावांचं तसं नाही. ते माझ्याच्याने बघवेना."

हयवदनरावांनी टोपलीतले एक जास्वंदीचे फूल उचलले, गुंडण्णापुढे धरले आणि तो खाईपर्यंत हात तसाच ठेवला. पोटभर पाल्यावर गुंडण्णा महिन्याभरात पुन्हा नीट चालू लागला. कवचही टणक होत गेले. डॉक्टर पुरुषोत्तमांनी पाठीवर टिचकी मारून समाधान व्यक्त केले.

येथे ही हकिगत संपायला हवी होती. पण मग मधुकरराव मागच्या दाराने आले.

"राव, ते डबे उरलेत का काही?" त्यांनी आवाज उतरवला. "आमच्याकडे आता एक कासव आणलंय. पोरांनी हट्ट धरला."

"गुडघा कसा आहे?"

"परत दुखतोय," मधुकरराव म्हणाले आणि डबा पिशवीत घातला.

दोन दिवसांनी पद्मावतीबाई आल्या. त्यांच्याकडेही कासव आले होते. फार झोपाळू आहे म्हणाल्या. त्यानंतर एकेक करून मंडळाचे बहुतेक सभासद येऊन गेले. कुणाच्या कासवाला लिंबू पिळून आवडत होते, कुणाच्या कासवाला मिरची. शेवटी सुब्बाराव आले. त्यांच्याकडे कासव नव्हते. आपल्या पुतण्याच्या ओळखीच्या एका माणसाकडे आहे, असे त्यांनी दोनदा सांगितले. हयवदनरावांनी कोणालाही प्रश्न विचारला नाही. फक्त वादिराजाला पुढच्या खेपेला डबे जास्त आणायला सांगितले, आणि वादिराज म्हणाला, "सरी अण्णा."

त्या वर्षी बसवनगुडीत जितकी कासवे पाळली गेली तितकी पूर्वी कधी पाळली गेली नसतील. त्यांतले एकही कुणाच्या दृष्टीस पडले नाही. कासव हा प्राणी मुळातच लाजरा.

वाचकांना यात हसण्यासारखे पुष्कळ सापडले असेल. त्यांच्या घरी अर्थात असे काही नाही. कपाटात मागे ठेवलेली ती बाटली केवळ सर्दीसाठी आहे, बेकरीतल्या केकमध्ये काय असते हे विचारण्याची वेळ कधी आली नाही, आणि उपासाच्या दिवशी आणलेला तो कागदी पुडा शेजारच्या मुलांसाठी होता. आम्ही शंका घेत नाही. बसवनगुडीच्या रीतीप्रमाणे एवढेच विचारतो : तुमचे कासव बरे आहे ना?