बसलेल्या बाईची फिल्म होत नाही

"सर, मग त्या बाईंना शेवटी बसायला खुर्ची मिळाली का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने हात वर केला होता, नाहीतर असले अडाणी प्रश्न शिबिरात कोणी विचारत नसे. अन्याय हा समाजावरचा डाग असून तो घालवण्याचा सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे तो चांगल्या उजेडात चित्रित करणे, हे आता सर्वमान्य आहे. 'सामाजिक न्यायासाठी माहितीपट' हे शाळेचं सुट्टीतलं शिबिर याच पायावर उभं होतं. सरांनी नुकतीच आपली गाजलेली फिल्म दाखवली होती. विषय : दुकानात दिवसभर उभी राहणारी बाई. पुरस्कार अकरा. परदेशवाऱ्या चार.

सर मायेने हसले. "अगं वेडे, खुर्ची मिळाली असती तर फिल्मला शेवट कुठनं आणला असता?"

टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. मग नियम सांगण्यात आले : पीडित व्यक्ती शक्यतो घराजवळची निवडावी (जाण्यायेण्याचा त्रास वाचतो). तिने कॅमेऱ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघावे (खिडकी नसल्यास ती असल्यासारखे बघावे). आणि चित्रीकरण संपेपर्यंत तिची परिस्थिती सुधारणार नाही, याबद्दल दिग्दर्शकाने दक्ष राहावे.

तिला शोधाशोध करावी लागली नाही. बाबांचं चपलांचं दुकान होतं आणि दुकानात कामाला अक्का होती. तिच्या पायात पहिले बूट अक्कानेच चढवलेले. दुकानात गादीच्या आठ खुर्च्या, आठही गिऱ्हाइकांच्या. संध्याकाळपर्यंत अक्काचे पाय असे सुजत की अख्ख्या दुकानातली एकही चप्पल तिला होत नसे. सरांना हे कळताच ते हरखले. "पाय! पायच घे!"

चित्रीकरणाच्या दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. अक्का खोक्यांना टेकली. "बाळा, जरा बसू का गं? पाय भरून आलेत."

"आत्ता नको हं अक्का. एवढा शॉट होऊ दे."

अक्का उभी राहिली. शॉट झकास आला. फक्त त्यात तिचं स्वतःचं 'आत्ता नको'ही आलं, थेट बाबांच्या सुरातलं. सर म्हणाले, काही बिघडत नाही, त्या जागी बासरी टाकू.

तिने बासरी टाकली नाही. फिल्म तशीच घरी नेऊन आईबाबांना दाखवली. आईने पदर डोळ्यांना लावला. बाबांनीही रुमाल काढला. "काय गं बिचारीचे हाल!"

"मग बसू द्या ना तिला, बाबा."

"माझं काय जातंय? पण नोकर बसलेला दिसला की गिऱ्हाईक दारातनंच मागे फिरतं. विचार आईला."

"खरंय बाई," आई नाक पुसत म्हणाली. "त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी पाऊल टाकत नाही. तिथली पोरगी बसल्या जागची हलेल तर शपथ."

तिने टीव्ही बंद केला.

"ठरलं तर," ती म्हणाली. "उद्यापासून अक्का बसणार. सुट्टीभर चपला मी दाखवणार. आणि फिल्मही काढणार, पण कॅमेरा दाराकडे. बसलेली बाई बघून मागे फिरणाऱ्यांची तोंडं घेणार, जवळून. आणि एवढी माणसं कुठनं आणशील, असं विचारू नका. अक्काची फिल्म बघून जेवढे रडतील, तेच चपला घ्यायलाही येतील; त्यांतलं कोणी अनवाणी फिरत नाही."