इंजनाचं रबर आणि आंब्याचं लोणचं

इंजनाचं तेल गळतंय? मला बोलवा! त्या दिवशी सकाळपर्यंत मी आमच्या धानपट्ट्यातल्या साऱ्या गोरेगावाला हेच सांगत फिरत होतो.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. मी गुलाबचंदशेठच्या धानगिरणीत इंजनमिस्त्री. इंजनाच्या तेलाच्या झाकणाखालची रबरी रिंग तेल पिऊन पुरीसारखी फुगायची आणि मग गळती! म्हणून मी नागपूरहून, लढाईच्या शिलकी मालातून, नव्या रबराचा तुकडा आणला.

"शेठजी, हे झाडाचं रबर नाही जी, कारखान्यातलं आहे! तेलात फुगत नाही, तापलं तरी मऊ पडत नाही!"

"गोवर्धन, इंजन चलना चाहिए, बस! बाहेर धानाच्या बैलबंड्या उभ्या आहेत."

घरी आधी मोटारीच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून हात बसवला, मग खरी कापली. दोन्ही काळ्या, दोन्ही एका मापाच्या. सकाळी ओट्यावर एकच दिसली. ती उचलली नि निघालो.

इंजन धडधडलं. तास-दोन तास थेंब नाही! कौतुकानं शेठजी खाली वाकले आणि रिंग सटकली! तेलाची पिचकारी थेट तोंडावर! शेठजी नुकत्याच तळलेल्या वड्यासारखे चमकू लागले.

"यही है तेरा नया रबर?"

फुगलेली रिंग हातात घेऊन पाहिली. ही तर ट्यूबची! घरी बायकोकडे धूम ठोकली.

"शामकला! दुसरी रिंग कुठाय?"

"लोणच्याच्या बरणीले लावली. झाकण ढिलं होतं. काऊन ओरडून राहिले जी?"

"ते इंजनाचं रबर हाये!"

"बरणीले तर मस्त बसलं! रातभर आडवी पडून होती, तेलाचा थेंब नाही गळला!"

घ्या! रबराची परीक्षा आमच्या स्वयंपाकघरातच झाली होती. मी बरणी मांडीत दाबली, बायकोनं झाकण ओढलं. ते सुटलं तेव्हा अर्धं लोणचं माझ्या सदऱ्यावर!

रिंग न पुसताच गिरणीत नेऊन बसवली. इंजन सुरू. तास गेला, दुपार झाली, थेंब नाही! मी छाती फुगवली.

पण इंजन तापलं तसा हिंग-मेथीचा खमंग वास गिरणीभर पसरला. बकाराम हमालानं नाक वर केलं, पोतं खाली टाकलं. "चला रे, जेवून घ्या!" बघता बघता सगळ्यांच्या शिदोऱ्या सुटल्या. इंजन झोकात धावतंय आणि धान ओतायला माणूस नाही!

शेठजी तरातरा आले. आता शाबासकी मिळणार म्हणून मी रबराचे गुण सांगायला तोंड उघडलं.

"वो सब छोड," माझ्या सदऱ्याकडे बघत ते म्हणाले, "घरी थोडं उरलं असेल, तर घेऊन ये ना!"