तळचं दाखवा

लग्नाच्या पंगतीत भात आला की माणसं ताट पुढं करतात. मोतीरामभाऊ ताटावर आडवा हात धरतात. "वरचा नोको. तळचा आन." वाढणारा घामाघूम झालेला, मागं अख्खी पंगत खोळंबलेली, पण भाऊंना गंजाच्या, म्हणजे भाताच्या पातेल्याच्या, बुडाचा भात पाहिजे म्हणजे पाहिजे. करपलेला निघाला तर करपलेला खातील, पण आधी बघतील.

याला खोड म्हणा नाहीतर धंदा म्हणा. सारी उमर राइस मिलमध्ये धान खरेदीवर गेली. पोत्याच्या तोंडाशी चांगलं धान अन् बुडाशी फोल न् खडे भरणारे महाभाग आमच्याकडं कमी नाहीत. म्हणून टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या तळात खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे, एखादा दाताखाली फोडायचा अन् मगच भाव बोलायचा. नोकरी सुटली, नळी मिलमध्ये राहिली, खुपसायची सवय मात्र भाऊंसोबत घरी आली. पुतण्यासाठी मुलगी बघायला एकोडीला गेले, तर बैठकीतले पोहे सोडून हे सरळ मागच्या अंगणात! परत येऊन निकाल दिला, "भांडे घासाची जागा साफ हाये. पोरगी चांगली असन." पोरगी खरंच चांगली निघाली अन् तिथंच आमचं चुकलं. तेव्हापासून ते कुणाचं ऐकत नाहीत.

मी वरठीत त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो अन् भंडाऱ्याला एका क्लासमध्ये कंप्युटर शिकवतो. भाऊंच्या लेखी ही काही फार इज्जतीची गोष्ट नव्हती. "बसून पैसे कमावते मास्तर," असं ते माझ्यासमोरच लोकांना सांगत.

त्यांचा पोरगा रोशन पुण्याला नोकरीला आहे. वहिनी होत्या तोवर दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा अन् मायलेकांच्या गोठी तास तास चालायच्या. कुणाची गाय व्याली, कुणाचं लग्न मोडलं, वांग्याच्या भाजीत काय घातलं. भाऊंचा वाटा इतकाच, की मागून ओरडायचं, "गाडी हळू चालव म्हणा त्याले!" वहिनी गेल्या अन् फोन थेट भाऊंच्या हातात आला. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं.

"जेवले का बाबा?"

"जेवलो. तू?"

"जेवलो."

"पाणी आलं का तिकडं?"

"नाही. बरं, ठेवतो."

झालं. फोन बंद झाल्यावरही भाऊ तो हातात धरून बसून राहतात. मला ते बघवत नाही. मी उगाच टीव्हीचा आवाज वाढवतो.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस दारात येऊन उभे राहिले. "मास्तर, मले गेम खेळाचा कंप्युटर घ्याचा हाये."

मी हसलो. हसणार नाही तर काय करू? ज्या माणसाला टीव्हीचा रिमोट उलटा धरायची सवय, तो गेम खेळणार!

"हसून कायले राहिले? रोशन फावल्या वेळात त्याच्यावरच असते. त्याच्यासंग बोलाले मले काही पायजे का नाही? धानाची गोठ मी त्याले किती दिवस सांगू?"

 मी गाडी काढली.

भंडाऱ्याच्या दुकानात भाऊंनी फोनवरचा फोटो दाखवला. रोशनकडं जो आहे तोच, कंपनीनं जोडून दिलेला तयार डबा. दुकानदारानं मोठ्या कौतुकानं चालू केला. काचेच्या आतून लाल, हिरवे, निळे दिवे फिरायला लागले.

"हे दिवे कायले?"

"शो असते काका. पोरं यालाच भुलतात."

"म्हंजे पोत्याच्या तोंडचं धान," भाऊ मला म्हणाले. अन् दुकानदाराकडं वळून, "बंद कर अन् तळचं दाखव."

दुकानदार सील तुटेल म्हणाला, वॉरंटी जाईल म्हणाला. शेवटी त्यानं शोसाठी ठेवलेला डबा खोलला, कारण भाऊ काउंटरसमोर मांडी घालून बसले होते अन् बाकीची गिऱ्हाइकं बघत होती. मी एकेक समजावत गेलो. हा प्रोसेसर, ठीक आहे. हे ग्राफिक कार्ड, खरा पैसा यातच आहे, हेही चांगलं. रॅमच्या दोन खाचा, पण पट्टी एकच, म्हणजे मशीन पूर्ण जोरानं चालणार नाही. ती पट्टी भाऊंनी हातात घेतली अन् दाताखाली धरणार, तेवढ्यात मी हात पकडला. मदरबोर्ड कंपनीच्या खास मापाचा. उद्या मोठा बसवायचा म्हटलं तर डबाच बदला. अन् सगळ्यात खाली, पत्र्याच्या झाकणाआड लपवलेला, साऱ्या पार्टांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. ना नाव, ना गाव, उचलला तर कागदासारखा हलका.

मग पुन्हा जोडून गेम लावला. पडद्यावर मोटार धावायला लागली. भाऊंनी डब्याला कान लावला, मागून येणाऱ्या गरम हवेचा वास घेतला. वळणावर चित्र अडखळलं तसे ते सरळ झाले.

"कणी पडून राहिली."

दुकानदार माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मी म्हटलं, "तांदूळ भरडताना दाणा तुटतो ना, तसं. फ्रेम तुटतात म्हणतात ते."

बाहेर आणून मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "भाऊ, वरचं चांगलं आहे, तळ खराब आहे. गेम जड झाला की पॉवर सप्लाय दम तोडणार अन् मशीन धाडकन बंद पडणार. नागपूरहून सुटे पार्ट आणू, मी जोडून देतो. दहा वर्षं बघावं लागणार नाही."

भाऊंनी शांतपणे ऐकलं अन् आत जाऊन म्हणाले, "हाच पॅक कर."

आयुष्यभर तळ बघून पोती परत पाठवणारा माणूस! मला असा राग आला, की घरी येईस्तोवर मी गाडी एकेका खड्ड्यातून घातली. मागं बसलेल्या भाऊंनी खोका पोटाशी घट्ट धरला होता.

व्हायचं तेच झालं. मशीन बंद पडायला लागलं. भाऊ मोटारीचा गेम लावत, मोटार भिंतीवर नेऊन आदळत, पंखा घरघरायला लागे अन् पडदा काळा. रविवारी भिंतीतून आवाज यायचा, "नाई रे, चित्रबी गेलं अन् दिवेबी गेले... हो, मागची वायर काढली... थांब, चष्मा घालतो." बिचारे किती वैतागले असतील, असं मला वाटे.

मग एका रविवारी सकाळी मी उपकार करायचं ठरवलं. क्लासमध्ये एक चांगला पॉवर सप्लाय पडून होता, तो आणला. भाऊ भाजीला गेले होते, किल्ली आमच्याकडंच असते. ते परत आले तेव्हा गेम मस्त चालू होता.

"बघा भाऊ! आता म्हणाल तरी बंद पडणार नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पडद्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"कायले केलं मास्तर?"

"म्हणजे? बिघडलं होतं ना!"

"बिघडलं होतं म्हून तं घेतलं होतं." ते पलंगावर बसले. "रोशनचाबी असाच बंद पडे. एक डाव मी सहज इचारलं, काहून रे, आवाज कायचा येते? तं पोट्टा घंटाभर बोलला. माही बायको गेल्यावर पयल्यांदा. आता थोड्या वेळानं त्याचा फोन येईन. खोलून दाखवा म्हणला होता, दोघं मिळून पाहू म्हणला. त्याले काय दाखवू मी? मशीन चांगलं हाये, जेवलो, ठेवतो?"

 मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला अन् मुकाट्यानं चांगला पॉवर सप्लाय काढून जुना भंगार परत बसवला. माझा पॉवर सप्लाय पिशवीत घातला अन् पिशवी पलंगाखाली सरकवली, तेवढ्यात फोन वाजला.

रोशननं व्हिडिओवर सगळं बघितलं. "बाबा, फोन खाली घ्या. तो पत्रा काढा. हां, तोच! पॉवर सप्लायच खराब आहे. माझ्यातला मी बदलला, तवापासून तरास नाही. तुम्हाला कुरियरनं पाठवून देतो. मास्तरकाका बसवून देतील."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. इतकं लाचार मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"मास्तरले कायचं येते!" भाऊ म्हणाले. "त्यायनं तं हात लावून डबल बिघडवला."

फोन माझ्याकडं वळला. इतकी वर्षं कंप्युटर शिकवणारा मी, पोराच्या वयाच्या माणसासमोर मान खाली घालून म्हणालो, "हो रे रोशन. मला नाही जमत हे."

"कुरियर-बिरियर नोको," भाऊ घाईघाईनं म्हणाले. "तू येशीन तवा घेऊन ये. तूच बसव."

फोनवर पोरगा वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागला. मग म्हणाला, "पाहतो बाबा. दिवाळीले जमते का पाहतो."

फोन बंद झाला. भाऊ तो हातात धरून बसून राहिले. माझा टीव्ही भिंतीपलीकडं, आवाज तरी कशाचा वाढवू?

"मास्तर," ते म्हणाले, "येत नाही असं तं नाही म्हणला ना?"

"नाही भाऊ. नाही म्हणाला नाही."

"मंग दिवाळीपर्यंत याले कोनी हात नोका लावू."