घरचा माणूस पेटीवर

लखमाभाऊंना कशाच्याही मधोमध बसता येत नाही. खुर्ची द्या, बाकडं द्या, लग्नातली सतरंजी द्या, ते उजव्या कडेला जाऊन अर्धंच बूड टेकवतात. उरलेलं अर्धं हवेत. उजवा हात कोपरापासून बाहेर, डावा खांदा आत ओढलेला, आणि डावीकडे चांगली ऐसपैस जागा मोकळी. मध्यंतरी आमच्या आळीत एक साखरपुडा होता. मुलाकडच्यांनी लखमाभाऊंना मानाने सोफ्यावर बसवलं. तीन माणसांच्या सोफ्यावर एकटे लखमाभाऊ, तेही कडेला लटकलेले. यजमान बिचारे सारखे म्हणत होते, "नीट बसा ना." लखमाभाऊ म्हणाले, "नीटच बसलोय. या तुमीपन. माणूस बसतो."

हे "माणूस बसतो" जव्हार ते मोखाडा या रस्त्यावर ज्यांनी ज्यांनी प्रवास केलाय त्यांना मी समजावून सांगायला नको. लखमाभाऊ त्या रस्त्यावर वडाप जीप चालवायचे. जीप भरलेली आहे ही गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी मान्य केली नाही. मागच्या दोन बाकड्यांवर माणसं, बाकड्यांच्या मध्ये माणसं, शिडीवर माणसं, टपावर नागलीची पोती आणि पोत्यांवर माणसं. तरी नाक्यावर कुणी हात केला की ब्रेक लागलाच. आतून बोंब व्हायची, "लखमाभाऊ, जीव गुदमरला!" लखमाभाऊ मान न वळवता म्हणायचे, "सरका थोडं. माणूस बसतो. बसवनारा पायजे."

मी मोखाड्याच्या शाळेत मास्तर आणि राहायला जव्हारला. एसटी चुकली की लखमाभाऊंची जीप, आणि एसटी मी रोज चुकवायचो. माझी जागा ठरलेली होती, गिअरवर. म्हणजे शब्दशः गिअरवर. पुढे ड्रायव्हर धरून पाच जण असायचे, त्यात गिअरचा दांडा माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये यायचा. "मास्तर, दुसरा" म्हटलं की मी पाय डावीकडे घ्यायचे, "मास्तर, तिसरा" म्हटलं की उजवीकडे. घाटात तर आमची नुसती कवायत चालायची. शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा मी वळणावर पाय फाकवतो असं मुलं म्हणायची, आणि त्यात तथ्य होतं.

आणि या सगळ्या गर्दीने ढकलत ढकलत लखमाभाऊंना दारापर्यंत नेलेलं असायचं. अर्धे आत, अर्धे बाहेर, उजवा पाय कसाबसा पेडलवर. उभी हयात त्यांनी अशी गाडी चालवली. सवय लागली ती लागली.

लखमाभाऊंचा आणखी एक कायदा होता, "घरचा माणूस पेटीवर." जीपमध्ये मागे, दोन बाकड्यांच्या मध्ये जॅक आणि पान्यांची एक लोखंडी पेटी असायची. सीट गिऱ्हाइकाची, घरच्या माणसाने पेटीवर बसायचं. घरचा माणूस म्हणजे वहिनी. वहिनींचं माहेर सूर्यमाळचं. आठवडी बाजाराला मोखाड्याला जायचं असो, नाहीतर माहेरी, त्या येऊन मुकाट्याने पेटीवर गोणपाट टाकायच्या आणि बसायच्या. चारी बाजूंनी लोकांचे गुडघे. मी एकदा उगाच शिष्टपणा करून म्हटलं, "वहिनी, तुम्ही पुढे या, मी बसतो मागे." तर वहिनी हसून म्हणाल्या, "नको मास्तर. तुमाला गिअर येतो, मला येत नाय."

जीप म्हातारी झाली, पासिंग होईना, शेवटी भंगारात गेली. पेटी तेवढी लखमाभाऊंनी ठेवून घेतली. आता हा माणूस गप्प घरी बसणार, निदान अर्धा तरी बसणार, असं आम्हाला वाटलं. तर एक दिवस डहाणूकडून एका टेम्पोवर दोरखंडाने बांधून एक वस्तू आली. लखमाभाऊ पुढे, टेम्पोच्या दाराला लटकलेले.

वस्तू म्हणजे न्हाणीघरातल्या टबाला चार चाकं लावावीत तशी होती. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढे दोन बटबटीत दिवे, मागे इंजिन उघडं. कुणा मुंबईच्या शेठने पूर्वी समुद्राच्या वाळूत फिरवायला ही बग्गी बनवून घेतली होती. शेठ गेले, त्यांच्या बंगल्याच्या राखणदाराने तिच्यात कोंबड्या पाळल्या. लखमाभाऊंनी कोंबड्यांसकट सौदा केला म्हणतात. कागदपत्रं कशी झाली ते मला विचारू नका.

जव्हारात वाळू नाही, समुद्र नाही. पाऊस मात्र असा की छत्रीसुद्धा हात टेकते. तिथे बिनछपराची गाडी! पण लोकांना खरं हसू आलं ते दुसऱ्याच कारणाने. गाडीत जागा दोनच माणसांची. मागे इंजिन, पुढे दिवे, तिसरा बसवायचा म्हटला तर बसवणार कुठे? ज्याने आख्खा पाडा एका जीपमध्ये भरून मोखाड्याला उतरवला, त्याने जिल्ह्यातली एकमेव दोन माणसांची गाडी शोधून आणली होती. नाक्यावरचे लोक मुद्दाम विचारायचे, "काय लखमाभाऊ, माणूस बसतो का?" लखमाभाऊ म्हणायचे, "नाय बसत." आणि असे खूश व्हायचे की विचारणारा बावचळून जायचा.

इंजिन लवकर झालं, कारण इंजिनाला काय, ते सुरू होतं नाहीतर होत नाही. घोळ झाला तो सीटांचा. मूळच्या सीटा कधीच गेल्या होत्या. राखणदाराने त्या जागी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या पाय कापून ठेवल्या होत्या. स्टँडमागे सलीम कुशनवाल्याचं दुकान आहे. तो म्हणाला, "कुठल्यापण व्हॅनच्या दोन सीटा टाकतो. संध्याकाळी घेऊन जा." लखमाभाऊंनी खिशातून एक फोटो काढला. तो त्यांना गाडीबरोबर मिळाला होता. वाळूत उभी बग्गी, शेठ आणि शेजारी शेठाणी. सीटा पांढऱ्या, उंच पाठीच्या, डोक्यापर्यंत एकच सलग तुकडा, आणि त्यावर उभ्या शिलाईच्या जाड जाड पट्ट्या. बुडाकडे इतक्या खाली की माणूस जवळजवळ जमिनीवर पाय पसरून रेलल्यासारखा दिसतो.

"जशी होती तशी," लखमाभाऊ म्हणाले.

पुढचे कितीतरी महिने सलीमच्या दुकानात हे तीनच शब्द ऐकू येत होते. सलीमने फोम आणला. नको, त्या काळी स्प्रिंग आणि काथ्या असेल. सलीमने काळं रेक्झिन आणलं. नको, पांढरं, तेही फार पांढरं नको, दुधाच्या सायीसारखं. ते नाशिकहून आणलं. पट्ट्या जरा बारीक झाल्या, तर लखमाभाऊंनी फोटो डोळ्याला लावून सगळ्या उसवायला लावल्या. माप घेताना तर कहर. सलीम म्हणे, "भाऊ, बरोबर मधी बसा, तरच माप येनार." लखमाभाऊ सीटच्या सांगाड्याच्या मधोमध बसत, दम धरत, आणि सलीम टेप शोधून वळेपर्यंत उजव्या कडेला पोचलेले असत. त्यांची सीट पहिल्या आठवड्यातच उजवीकडून दबली. सलीमने कपाळाला हात लावला आणि त्या बाजूला जास्तीचा काथ्या भरला.

डाव्या सीटचं माप त्यांनी एका दुपारी सुतळीने घेतलं. वहिनी ओसरीवर नागली पाखडत होत्या. मी तिथेच होतो. लखमाभाऊ मागून गेले आणि गुपचूप त्यांच्या पाठीला सुतळी लावली. वहिनी दचकून ओरडल्या, "माझं माप कशाला घेता? मेले कं काय मी?"

"बस गं गप," लखमाभाऊ म्हणाले. मग माझ्या शेजारी, अर्थात कडेला, येऊन बसले आणि फोटो पुढे केला. "मास्तर, ही बाई बघा."

मी इतके दिवस फोटोतल्या सीटा बघत होतो. आता बाई बघितली. शेठाणी मागे रेललेली, पाय लांब सोडलेले, एक हात बाहेर लोंबता. आजूबाजूला कुणी नाही.

"कुनाचा गुडगा नाय, कुनाची पाटी नाय," लखमाभाऊ म्हणाले. "अशी बसली पायजे."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. थोरल्या मुलीच्या वेळची. मोखाड्याच्या दवाखान्यातून वहिनींना ओली बाळंतीण घरी आणायची होती. नेमका बाजाराचा दिवस. पुढची सीट एका लग्नाच्या नवरदेवाला आधीच कबूल केलेली. वहिनी बाळाला घेऊन पेटीवर बसल्या. रस्ता तेव्हा कसा होता ते मला सांगायची गरज नव्हती. "काय बोलली नाय," लखमाभाऊ म्हणाले. "बोलली असती तरी मी काय उठवला असता त्याला? तेवा वाटायचा, घरचा मानूस काय, कुटंपन बसतो. आता माहेरी नेनार हाय तिला. पुढच्या सीटवर. आनि रस्त्यात देवानं जरी हात केला तरी बसवायला जागाच नाय."

म्हणून दोन सीटांची गाडी. एवढे दिवस मी या माणसाची नाक्यावर नक्कल करून लोकांना हसवत होतो. त्या दिवसानंतर जमेना.

दिवाळी झाल्यावर सीटा बसल्या. खरं सांगतो, गाडी देखणी दिसत होती. दोन पांढऱ्या सीटा, उन्हात शिलाईच्या पट्ट्या नुसत्या चमकत होत्या. लखमाभाऊंनी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. सलीम दुकान बंद करून आला होता. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून, भावासाठी चिवड्याचा डबा घेऊन बाहेर आल्या. आता त्या चालताना एका हाताने भिंत धरतात. गुडघे कधीचेच गेलेत.

आणि मग आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

गाडीला दार नव्हतं. टबाच्या काठावरून पाय टाकून आत जायचं, आणि मग जमिनीला टेकलेल्या त्या सीटवर खाली, अगदी खाली बसायचं. वहिनींनी एक पाय उचलला. तो काठापर्यंत गेला नाही. लखमाभाऊंनी स्टूल आणलं. सलीमने एक हात धरला, मी दुसरा. कसाबसा एक पाय आत गेला, दुसरा गेला, वहिनी आत उभ्या राहिल्या. आता बसायचं. गुडघे अर्धे वाकले आणि तिथेच अडले. "आई गं," एवढंच त्या म्हणाल्या. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. आजूबाजूची मंडळी सूचना देत होती. वहिनी समोरची काच धरून उभ्याच राहिल्या, डोळ्यांत पाणी, आणि तरी नवऱ्याची समजूत घालत होत्या, "लई झाक सीट केलीय हो. माझंच मेलं बसत नाय."

लखमाभाऊ नुसते उभे होते. हाडाचा ड्रायव्हर, पण उंचीचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. त्यांनी वहिनींच्या पाठीचं माप घेतलं, गुडघ्यांचं घेतलं नाही. फोटोतली शेठाणी ऐन विशीतली होती. त्यांना वहिनीही तेवढ्याच दिसत असाव्यात, दवाखान्यातून आणलेल्या त्या दिवसाएवढ्या.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "माझी पेटी कुटं हाय?"

मग सलीम खाली वाकला आणि इतक्या महिन्यांची ती सीट त्याने चार बोल्ट काढून बाजूला ठेवली. पेटी ओसरीखालून मीच आणली. वर गोणपाट टाकलं. वहिनी त्यावर सवयीने टेकल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हां. बसला मानूस."

लखमाभाऊ आपल्या सीटवर चढले. उजव्या कडेला, अर्धे बाहेर. शेजारी वहिनी पेटीवर उंच, त्यांचं डोकं काचेच्या वर. वहिनी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आता तरी मधी बसा की. कोन यायचं हाय?" लखमाभाऊ मध्ये सरकले. गाडी निघाली. मोखाड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होतो, तेवढ्यात ते पुन्हा कडेला गेलेले दिसले.

सूर्यमाळला जाऊन दोघं संध्याकाळी परत आली. वहिनी म्हणाल्या, फार छान झालं, भाऊ रडला. लखमाभाऊंनी गाडीवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. सलीम म्हणाला, सीट उंच करून देतो, खाली लाकडी चौकट घालू. तर लखमाभाऊ म्हणाले, "काठ कसा उतरवशील?"

परवा मी त्यांच्याकडे गेलो. ती पांढरी सीट ओसरीवर होती, खाली विटा रचून खुर्चीएवढी उंच केलेली. वहिनी तिच्यात मागे रेलून बसल्या होत्या, पाय लांब सोडलेले, एक हात बाहेर लोंबता. त्यांना डुलकी लागली होती. शेजारी पेटीवर लखमाभाऊ. मला बघून ते आणखी कडेला सरकले. "या मास्तर. माणूस बसतो."

मी पेटीवर बसलो. बराच वेळ आम्ही दोघं अंगणापलीकडचा रस्ता बघत होतो. एक जीप खच्चून भरून गेली. लखमाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते वहिनींकडे बघत होते.

"पुढं बसल्यासारखी दिसते, नाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिसतात की," मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं. समोरचा रस्ता तेवढा जागचा हलत नव्हता.