टाचेसकट माप

"श्वास सोडा. पोट आत ओढू नका. आणि टाचा टेकवा, खोटं माप येतं."

हे वाक्य टेलरबाईंनी आजवर इतक्या जणींना ऐकवलं होतं, की दुकानाच्या पाटीवर नावाऐवजी तेच रंगवलं असतं तरी एकही गिऱ्हाईक वाट चुकलं नसतं. आपलं माप कधी चुकत नाही, अशी बाईंची ठाम समजूत होती. शिवलेला ड्रेस घट्ट झाला तर त्याचा अर्थ एकच, मधल्या काळात गिऱ्हाईक सुटलं. बाई हे इतक्या खात्रीने सांगत, की समोरची निमूटपणे घरी जाऊन भात कमी करी.

अशा या बाईंना गोल्फचं वेड लागलं, आणि तेही नवऱ्याच्या स्टिका घेऊन. नवरा ताडमाड, बाई जेमतेम त्याच्या खांद्याला. त्याच्या मापाच्या त्या जड, लांबलचक स्टिका हातात धरल्या की वरचं टोक पोटात घुसायचं आणि खालचं टोक बॉल सोडून माती उडवायचं. व्यापारी संघाच्या स्पर्धेत बाई दरवर्षी अशी माती उडवत, आणि चषक दरवर्षी नणंदेकडे जाई. नणंदेचं चष्म्यांचं दुकान होतं. तिथल्या काचेच्या कपाटात, चष्म्यांच्या मधोमध, तो मुद्दाम दिवा लावून ठेवलेला असे.

नणंद मनाने वाईट नव्हती. चहा पिता पिता ती सहज बोलून गेली, "वहिनी, तुझा हात शिवणावर बसलाय गं. मैदानावर नाही बसायचा तो."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. चहा तसाच टाकून त्या उठल्या आणि थेट खेळाच्या सामानाच्या दुकानात गेल्या. तिथल्या मालकाने हसतमुखाने एक गुलाबी पिशवी पुढे केली.

"हा घ्या, लेडीज सेट."

"कुठल्या लेडीजचा?"

"सगळ्याच लेडीजना चालतो, मॅडम."

"सगळ्या लेडीज एका मापाच्या असत्या ना, तर मी उपाशी मेले असते!"

मालकाने घाईघाईने आतून फिटरला बोलावलं. फिटर म्हणजे माणसाच्या मापाच्या स्टिका जुळवून देणारा कारागीर. हे गृहस्थ वयस्कर, मितभाषी, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी बाईंना जाळीसमोर उभं करून बॉल मारायला लावले, दोन-चार स्टिका बदलल्या. छोट्या हाताला बारीक मूठ हवी, दांडी हलकी आणि जरा लवचिक हवी, हे त्यांनी न बोलता ताडलं. बाईंना माणूस पसंत पडला. कुणीतरी माणसाकडे बघून वस्तू निवडतंय, हे बघून त्यांना बरं वाटलं. पण फिटरनी खिशातून टेप काढली आणि सगळं बिनसलं.

"आता उंची, आणि मनगटापासून जमिनीपर्यंत..."

"टेप ठेवा खाली. माझं माप मी घेईन. उद्या फोन करा, सांगते."

"बाई, पण त्यात बूट..."

"जन्म गेला माझा मापं घेण्यात. मला शिकवू नका!"

फिटरनी टेप गुंडाळून खिशात ठेवली.

इकडे घरी बाईंनी बक्षीस समारंभासाठी हिरवा ड्रेस शिवायला घेतलाच होता. चषक कुणाला मिळणार ते त्यांच्या लेखी ठरलेलं होतं, फक्त खेळायचं तेवढं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी उंच टाचांच्या चपला चढवून त्या आरशासमोर उभ्या होत्या, आणि नवरा तोंडात टाचण्या धरून, गुडघ्यांवर बसून ड्रेसचा घेर दुमडत होता. तेवढ्यात फिटरचा फोन आला. फोन कानाला लावून बाई नवऱ्याला म्हणाल्या,

"अहो, टेप हातात आहेच, तर मनगटापासून जमिनीपर्यंत घ्या बघू. आणि उंची."

"अगं, पण तू टाचा..."

"बोलू नका, टाचण्या गिळाल! ज्या चपला घालून मिरवायचं त्याच घालून माप द्यायचं असतं. एवढी वर्षं झाली, साधी गोष्ट कळत नाही?"

ड्रेससाठी हा नियम शंभर टक्के खरा होता. नवऱ्याने मान डोलावली. तोंडात टाचण्या असणं संसारात किती सोयीचं पडतं, हे त्याला फार पूर्वीच उमगलं होतं.

"अनवाणी घेतलंत ना?" पलीकडून फिटरनी विचारलं.

"मी काय आज जन्मलेय?" बाई म्हणाल्या. याचा अर्थ फिटरनी 'हो' असा घेतला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

स्टिका आल्या त्या दिवशी बाईंनी दुकान लवकर बंद केलं. मैदानावर जाऊन पहिला फटका मारला. माती उडाली. दुसरा मारला. आणखी माती उडाली. तिसरा फटका बॉलला लागला, पण बॉल डावीकडच्या झुडपात गेला.

"जरा लांब वाटतायत का गं?" नवऱ्याने भीत भीत विचारलं.

"लांब बिंब काही नाहीत. मैदानच वर आलंय."

घरी आल्यावर मात्र त्यांना एक शंका आली. त्यांनी हळूच उंच टाचांच्या चपला घातल्या, आरशासमोर स्टिक धरली, आणि ती अंगावर बेतल्यासारखी बसली. बाई मटकन सोफ्यावर बसल्या.

"अगं, एवढंच ना? परत देऊ. कापून आखूड करून देतील ते," नवरा म्हणाला.

"आणि त्यांना सांगू काय? टेलरबाईचं माप चुकलं म्हणून? उद्या ड्रेस घट्ट झालेल्या सगळ्या बायका माझ्या दारात येऊन उभ्या राहतील!"

"मग करायचं काय?"

"करायचं काय म्हणजे? स्टिका कमी होणार नाहीत. मीच वाढते."

दुसऱ्या दिवशी बाई उंच टाचांच्या चपला घालून मैदानात उतरल्या. प्रत्येक पावलाला टाच गवतात रुतत होती आणि त्या ती उपटून पुढे जात होत्या. मागून माळी ओरडत आला, "बाई, गवत आहे हो ते! त्याची चाळण करताय!"

मग त्यांनी मोची गाठला आणि खेळायचे बूट त्याच्यासमोर ठेवले. "यांना खालून रबर लावा. चांगलं तीन बोटं जाड."

"बाई, पडाल."

"पडले तरी चालेल, पण मापात पडेन."

बूट तयार झाले आणि बाईंनी त्यांचा ध्यास घेतला. त्या ते बूट घालून इस्त्री करत, बूट घालून गिऱ्हाइकांशी बोलत. एकदा कापडांच्या ढिगावर तोंडघशी पडल्या, पण "कापड तपासत होते," म्हणून उठल्या. माळ्यावरचा डबा आता स्टुलाशिवाय हाताला लागू लागला. आणि खरंच, हळूहळू बॉल सरळ जाऊ लागला. नवऱ्याला बायकोचा अभिमानही वाटे आणि धाकधूकही, कारण तिचा प्रत्येक फटका संपेपर्यंत तो मागे दोन्ही हात पसरून उभा असे.

स्पर्धेच्या दिवशी नणंदेने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चष्म्यांचा धंदा असल्यामुळे तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

"वहिनी, तू उंच झालीस का गं?"

"तुमचं आपलं काहीतरीच, वन्सं!" म्हणत बाई चार पावलं पुढे निघून गेल्या.

खेळ रंगला. बाई हटत नव्हत्या आणि नणंद सोडत नव्हती. शेवटच्या खळग्यापाशी दोघी बरोबरीत आल्या. नणंदेचा बॉल काठावरून परतला. आता बाईंनी एका फटक्यात बॉल आत घातला की चषक त्यांचा. आजूबाजूला सगळा व्यापारी संघ जमला होता, त्यात बाईंची निम्मी गिऱ्हाइकं होती आणि मागे फिटरही उभे होते. बाई उतारावरून ऐटीत निघाल्या आणि मधेच उजव्या बुटाचं रबर सुटून गडगडत थेट नणंदेच्या पायाशी जाऊन थांबलं.

बाई एका बाजूला कलल्या. कुणीतरी हसलं. नवरा धावत आला आणि कुजबुजला, "दुसरंही काढून टाकू?"

"काढा!"

नवऱ्याने तिथेच बसकण मारून दुसरं रबर ओढून काढलं. बाई पुन्हा आपल्या मूळ उंचीवर आल्या आणि हातातली स्टिक पुन्हा लांब झाली. क्षणभर त्यांचं तोंड उतरलं. मग त्यांनी स्टिककडे गिऱ्हाइकाने परत आणलेल्या ड्रेसकडे बघावं तसं बघितलं. बाही लांब झाली तर माणूस काय करतो? दुमडतो. बाईंनी दोन्ही हात मुठीवरून चांगले खाली सरकवले, वरचं टोक कोपराच्या बाहेर घेतलं आणि फटका मारला.

बॉल सरळ गेला आणि खळग्यात पडला.

सगळ्यात आधी नणंद धावली. "बसला गं वहिनी, हात बसला तुझा!" ती अगदी मनापासून ओरडली. इतकी वर्षं याच माणसाकडून हेच ऐकायचं होतं, म्हणून बाईंचे डोळे भरून आले.

संध्याकाळी समारंभात बाई हिरवा ड्रेस आणि उंच टाचांच्या चपला घालून मंचावर चढल्या. एका हातात चषक आला. फोटोवाला म्हणाला, "दुसऱ्या हातात स्टिक धरा, बॉल मारताना धरता तशी." बाईंनी धरली. ती इतकी चपखल बसली, की खाली उभे असलेले फिटर बघतच राहिले. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"बाई, खोटं कशाला बोलू? मैदानात बघितलं तेव्हा मला वाटलं, माप चुकलं. पण आता तर बरोब्बर बसलीय!"

"अहो, वहिनीचं माप चुकतं होय कधी?" नणंद सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

सुटकेची वाट अशी आपणहून समोर आली होती. फक्त हसून मान हलवायची होती. बाईंनी हातातल्या चषकाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि चपला काढल्या. स्टिक पुन्हा लांब झाली.

"चुकलंय," बाई म्हणाल्या. "टाचेसकट घेतलं होतं."

नवऱ्याच्या तोंडात टाचण्या असत्या तर त्याने त्या नक्की गिळल्या असत्या. मागच्या रांगेतून आवाज आला, "मग बाई, माझा तो निळा ड्रेस..."

"उद्या घेऊन या. बघू," बाई म्हणाल्या आणि फिटरकडे वळल्या. "टेप आहे?"

"खिशातच असते."

"मग घ्या माप. तुम्ही घ्या."

फिटर मंचावर आले. सगळ्यांच्या देखत बाई अनवाणी, ताठ उभ्या राहिल्या. फिटरनी टेपचं टोक त्यांच्या मनगटाला लावलं, दुसरं जमिनीपर्यंत नेलं आणि तिथेच थबकले. मग चष्म्यावरून वर बघत अदबीने म्हणाले,

"बाई, टाचा टेकवा. खोटं माप येतं."