चुरीकाकांची चड्डी-तपासणी

आमच्या समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहणारे चुरीकाका रोज संध्याकाळी गॅलरीत सायकलवर बसतात. सायकल तिथे नाही, नुसती सीट आहे. एका लोखंडी पाइपाला खाली जाडजूड पत्रा वेल्ड करून त्यांनी ती उभी केली आहे. तिच्यावर लुंगी नेसून, हात कठड्यावर टेकून आणि कंबरेत वाकून काका तासभर बसतात. तेव्हा नेमकी एमआयडीसीतली शिफ्ट सुटलेली असते. खालून जाणारा कुणीतरी हमखास विचारतो, "काका, कुठपर्यंत पोचलात?" मान न वळवता काका सांगतात, "उमरोळी."

मी बोईसरमधल्याच एका शाळेत गणित शिकवते आणि रविवारी आमच्या बायकांच्या ग्रुपबरोबर सायकल चालवते. मला भोचकपणाचा मनस्वी तिटकारा आहे. आता माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून बरोबर त्यांची गॅलरी दिसते, त्याला मी काय करणार? पोळ्या काय डोळे मिटून लाटू?

काका तारापूरच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. पंप, व्हॉल्व्ह आणि गळती रोखणारी गॅस्केट यांतच त्यांची उमेदीची वर्षं गेली. रिटायर झाले तरी पाना काही हातातून सुटला नाही आणि ते एक वाक्य काही तोंडातून सुटलं नाही. "दाब कुठं येतो ते सांगा." खुर्ची डुगडुगली तरी हेच, सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन शेजारी एकमेकांच्या अंगावर धावून गेले तरी हेच. माझ्या वर्गातला एक मुलगा नापास झाला, तेव्हा त्याची आई जिन्यात रडत बसली होती. काकांनी आईला बाजूला केलं आणि मुलाला विचारलं, "दाब कुठं येतो?" मुलगा म्हणाला, "बीजगणितावर." इतकं खरं उत्तर त्याने मला वर्षभरात दिलं नव्हतं. मला रागच आला, पण कुणाचा ते ठरवता येईना.

तर या काकांच्या बायकोने, म्हणजे सुलभाकाकूंनी, साठी जवळ आल्यावर सायकल शिकायचं मनावर घेतलं. शाळेच्या मैदानावर मीच शिकवली. काकूंचं माहेर केळव्याचं. भावांची नारळ-सुपारीची वाडी आहे. लहानपणी भाऊ सायकलवरून शाळेत जायचे आणि या दप्तर घेऊन मागून चालत. "एकदा सायकलवरून भावाच्या दारात जाऊन उभी ऱ्हायले ना, की मग मेले तरी चालेल," असं त्या म्हणायच्या. त्या हे हसत म्हणायच्या, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही त्यांना नुसतं बेटेगावपर्यंत नेलं. परत आल्यावर काकूंनी सगळ्यांना चहा दिला, स्वतः उभ्यानेच प्यायला. दुसऱ्या दिवशी मी सहज गेले तर जेवतही उभ्याच होत्या.

"काकू, दुखतंय का?"

"काय नाय गो, बरं हाय."

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. सायकलवर जुनी चादर पडली. काकू म्हणाल्या, "झाली हौस. भाच्याला देऊन टाकते." ती सायकल एकदा का भाच्याकडे गेली असती, तर काकू पुन्हा कधीच बसल्या नसत्या, हे मला कळत होतं. काकांनाही कळलं असावं, कारण त्यांनी चादरीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

मग मी त्यांना पॅडच्या चड्डीबद्दल सांगितलं. लांब पल्ल्याला सायकल चालवणारे घालतात ती, मांडीला घट्ट बसणारी, खाली मऊ पॅड शिवलेलं असतं. काकूंनी तोंडावर हातच घेतला.

"अगो बाई. ह्या वयात ते घट्ट?"

"वरून सलवार घाला. कुणाला दिसतंय? फक्त एक लक्षात ठेवा, तिच्या आत काही घालायचं नाही. नाहीतर आतली शिवण काचते."

काकू ज्या स्वयंपाकघरात गेल्या, त्या मी जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. काका मात्र विचारात पडले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बरोबर हाय. एकावर एक दोन गॅस्केट लावली की गळती ठरलेली."

त्या दिवसापासून माझं जिणं हराम झालं. मी मासळीबाजारात बोंबील निवडत असताना मागून खणखणीत आवाज आला, "टीचर, तुमचं पॅड किती जाड?" कोळणीने हातातला कोयता खाली ठेवला. मी म्हटलं, "काका, आपण घरी बोलू." काका म्हणाले, "बरं. पण शिवण मधून जाते की बाजूनं, तेवढं सांगा." कोळणही आता उत्तराची वाट बघत होती. बाजूने, असं सांगून मी बोंबील न घेताच घरी आले.

दुकानात जायला काकूंनी साफ नकार दिला, म्हणून पालघरला काकांबरोबर मी गेले. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत काकूंच्या सायकलसारखीच ती गॅलरीतली सीट. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी ती स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर एकेक चड्डी पसरून अंगठ्याने पॅड दाबून बघायला लागले. दुकानदाराने उत्साहाने सगळ्यात जाड पॅडची चड्डी काढली. "ये लीजिए अंकल, एकदम सोफा."

"सोफा घरी हाय," काका म्हणाले. "जाड हाय म्हणून चांगलं असं नाय. जाड पॅड गोळा होतं. मग तोच गोळा टोचतो. दाब जिथं येतो तिथंच पायजे, बाकी सपाट."

मला हे कबूल करावं लागलं, कारण मी स्वतः आधी सोफाच घेतला होता आणि महिनाभर भोगला होता. शेवटी बायकांच्या चड्ड्यांमधली, बाजूला जांभळी पट्टी असलेली एक त्यांनी पसंत केली. काकांची आणि काकूंची कंबर सारखीच आहे म्हणून मापाचा प्रश्नही मिटला. मी मनात म्हटलं, सुटले.

चार दिवसांनी काकांनी निकाल सांगितला. "नापास. मधे मोकळं सुटतं नि कडा घासतात." मग पार्सलने त्याच कंपनीची, वेगळ्या पॅडची पण तशाच जांभळ्या पट्टीची दुसरी मागवली. तीही नापास. तिसरीलाही तोच शेरा. पार्सलवाला पोऱ्या जिन्यातच हसायला लागायचा. मी म्हटलं, "काका, परत तरी पाठवा." तर म्हणाले, "वापरलेली परत घेत नायत." मला कळेना, वापरली कुणी? काकूंची सायकल तर चादरीखालून हललेली नव्हती.

नापास चड्ड्या काका वाटून टाकत. पहिली आमच्या वॉचमनला मिळाली. तो बिहारचा, दिवसभर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्याचं कंबरडं मोडलेलं. आता तो मला बघितलं की उठून सलाम ठोकायचा. "मैडम, पैंट के अंदर पहनता हूँ. बैठने की ड्यूटी में बहुत आराम है." पुढची एका रिक्षावाल्याला गेली. सगळ्या बोईसरची बुडं सुखात होती, फक्त काकूंचं तेवढं राहिलं होतं.

आणि एका संध्याकाळी वारा सुटला. मी कणीक मळत होते. समोर काका आपले सीटवर, उमरोळीच्या आसपास. वाऱ्याने लुंगी उडाली आणि मला जांभळी पट्टी दिसली.

मी कणकेच्या हातांनीच रस्ता ओलांडला. काकू देवळात गेल्या होत्या. काका मला बघून घाईघाईने लुंगी सावरायला लागले.

"काका, ही बायकांची चड्डी आहे."

"म्हायत हाय. सुलभाचीच हाय."

"मग तुमच्या अंगावर काय करते?"

"टेस्टिंग." जसं काही मीच वेड्यासारखं विचारलं होतं. "टेस्ट केल्याबिगर पार्ट मी कधी लावला नाय."

मी कपाळाला हात लावला, तोही कणकेचा. मग त्यांना समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं सावकाश. बायकांची बसायची हाडं पुरुषांपेक्षा लांब-लांब असतात. म्हणून त्यांचं पॅड मागे रुंद करतात, मधली रचनाही वेगळी असते. ते तुम्हाला टोचणारच. तुम्हाला टोचलं म्हणजे काकूंना चालेल, असा त्याचा अर्थ. तुम्ही नापास केलेल्या बहुतेक चड्ड्या पास होत्या.

काका सीटवरून उतरले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे वॉचमन..."

"वॉचमनने काकूंची पास झालेली चड्डी घातली आहे."

मला हसू फुटत होतं आणि संतापही आला होता. मी म्हटलं, "एवढे उद्योग कशाला? काकूंना घालायला द्यायची, कुठे लागतं ते काकूंनाच विचारायचं. साधी गोष्ट."

"विचारतो ना. 'काय नाय, बरं हाय' म्हणते." काका कठडा धरून खाली रस्त्याकडे बघायला लागले. "आमची नाइट असायची तवा एकदा ही न्हाणीत घसरून पडली. मनगट मोडलं. तशाच हातानं डबे केलेन, धुणं केलेन. मला सांगितलं नाय. का, तर माझी दिवसाची झोप मोडेल. सुजलेला हात पदराखाली. शेजारणीनं दवाखान्यात नेली तवा मला कळलं. टीचर, मशीन बरं. आवाज करतं, तापतं, गळतं. माणूस धावत जातो. ही काय करतच नाय. जन्मभर मी सगळ्यांना दाब विचारला, नि घरातलं मनगट मोडलेलं दिसलं नाय मला. लाज वाटते. म्हणून म्हटलं, विचारायचंच नको. आपणच बसून बघायचं."

मी कपाळावरची सुकलेली कणीक खरवडत घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी आता स्वतः वापरते तशीच एक नवी चड्डी आणून थेट काकूंच्या हातात दिली, आणि पुढच्या रविवारी आम्ही केळव्याला निघालो. बेटेगाव, उमरोळी, पालघर. काकू वर सलवार-कमीज घालून, पाठ ताठ ठेवून चालवत होत्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरं हाय." काकांना येऊ नका म्हणून बजावलं होतं, पण ते पहाटेच स्कूटरवरून मेव्हण्याच्या वाडीत जाऊन बसले होते.

केळव्याच्या अलीकडच्या माहीमला चहाला थांबलो, तिथे मला राहवेना. गॅलरीतली सगळी हकिगत मी काकूंना सांगितली. त्यांना वाटत होतं, नवरा नुसती सीट तपासतोय. आधी त्या इतक्या हसल्या की चहा नाकात गेला. मग मनगटाचं सांगितलं. काकूंनी ग्लास खाली ठेवला, सायकल घेतली आणि आमच्यासाठी न थांबता पुढे निघाल्या. ही बाई इतक्या वेगात जाऊ शकते हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळ्या मागून धापा टाकत.

वाडीच्या फाटकात सगळे उभे होते. भाऊ, भावजया, हातात शहाळी. काका थोडे बाजूला, सुपारीला टेकून. काकू उतरल्या. भाऊ पुढे झाला तर त्याला हाताने थांबवून त्या सरळ काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"डाव्या मांडीला शिवण लागते," काकू म्हणाल्या. चांगल्या मोठ्या आवाजात, सगळ्या माहेरासमोर. "सीट पुढनं वर उचललेली हाय, ती खाली करा. पालघरपासून दुखतंय मला."

मी बघतच राहिले. काकांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू पसरलं होतं. एवढ्या तक्रारी ऐकून इतका सुखावलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"अजून?" काकांनी विचारलं.

"हँडल लांब पडतं. खांदे भरून येतात."

"अजून?"

"तुमी चहात साखर जास्त घालता. मला नाय आवडत. कधीच नाय आवडला."

भावजया एकमेकींकडे बघायला लागल्या. भावाने शहाळं पुढे केलं, पण तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आम्ही सायकली घेऊन आत गेलो, नाश्ता झाला, दुसरा चहा झाला. मी खिडकीतून बघितलं, आता तिथे खिडकी होती त्याला माझा काय इलाज? ती दोघं अजून फाटकातच उभी होती. काकू मनगट पुढे करून काहीतरी दाखवत होत्या, आणि काका ते दोन्ही हातांत धरून ऐकत होते.