साटंलोटं

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. ही बढाई नव्हे, माहिती आहे. ऑफिसात मला 'भिंगवाले' म्हणतात. म्हणतात पाठीमागे, पण पाठीमागचंही मला कळतं, म्हणून तर मी भिंगवाला!

माझं काम थोडक्यात असं. लहान लहान देशांना विमानं तपासणारी माणसं आपापली ठेवणं परवडत नाही. मग शेजारचे काही देश मिळून एक सामाईक कार्यालय काढतात. त्यातला देखरेख विभाग विमानं आणि वैमानिक धड आहेत का ते बघतो. इतकं करूनही एखादं विमान पडलंच, तर ते का पडलं हे चौकशी विभाग शोधतो. हे कार्यालय खरंच काम करतं की नुसती पाटी लावून बसलंय, ते तपासायला मी जातो. मी नापास केलं, की त्या सगळ्या देशांच्या विमानांना मोठे विमानतळ दारातही उभे करत नाहीत.

यात खरी मेख एकच. देखरेख आणि चौकशी यांचं आपसांत साटंलोटं नसावं. गॅसवर दूध ठेवून जो गप्पा मारत बसला, त्यालाच दूध का उतू गेलं याची चौकशी करायला सांगितली, तर दोष दुधाचाच निघणार. असाच नियम मलाही आहे. ज्या कार्यालयाला तपासायचं तिथे माझं कोणी नात्यागोत्यातलं असेल, तर मी ते आधी जाहीर करायचं. लपवलं तर तपासनीस म्हणून नाव कायमचं बाद. माझी निवृत्ती तोंडावर आलेली, आणि आजवर मी यजमानांच्या चहालासुद्धा तोंड लावलेलं नाही. थर्मास घरून नेतो. बायको म्हणते, तुम्ही माझ्याही चहाकडे संशयानेच बघता. ते खरं आहे, पण त्याला कारणं आहेत.

तर या वेळचं कार्यालय. पहिल्याच दिवशी मला वास आला. सगळं नको इतकं व्यवस्थित होतं. जिन्याचे कठडे पुसलेले, कपाटांच्या किल्ल्या जागेवर, विचारलेला कागद मागताक्षणी हजर. प्रामाणिक कार्यालयात कागद शोधायला निदान अर्धा तास लागतो, हा माझा अनुभव आहे.

चौकशी विभागाचा प्रमुख उंच, किडकिडीत आणि अतिशय नम्र. नम्र माणूस दिसला की मी पाकीट चाचपतो. त्याने हात मिळवला तो सोडेचना. माझ्याकडे असा टक लावून बघत होता, जणू मीच कुठून तरी पडलोय आणि माझं काय चुकलं ते त्याला शोधायचंय. मग हळूच म्हणाला, जरा बाजूला येता का, थोडं खासगी बोलायचंय.

खासगी! पहिल्या तासात! मी त्याला स्पष्ट सांगितलं, की माझ्या तपासणीत खासगी असं काही नसतं. त्याच्या खोलीत गेलो, दार सताड उघडं ठेवायला लावलं आणि त्याच्याच ऑफिसातली चार माणसं साक्षीला बोलावून खुर्च्यांवर बसवली. म्हटलं, हं, बोला. तो त्या चौघांकडे बघत राहिला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि शेवटी मला विचारलं काय, तर हवा मानवली का. मी मनात एक फुली मारली.

दुपारी त्यांनी मला शेड दाखवली. मालवाहू विमान घसरून शेजारच्या कोबीच्या शेतात शिरलं होतं, त्याचे अवशेष तिथे मांडले होते. वाकलेला पंखा, एक चाक, आणि चाकाला चिकटून वाळलेली कोबीची पानं, तीसुद्धा चिठ्ठी लावून. या अपघाताची चौकशी अजून अपुरी आहे, असं कागदावर होतं. मी चाकाखाली वाकून बघत असताना प्रमुख पुन्हा जवळ आला आणि म्हणाला, साहेब, दोन मिनिटं फक्त. मी मोठ्याने म्हणालो, "जे काही असेल ते सगळ्यांसमोर." तो बिचारा मागे सरला. बिचारा हे मी आत्ता म्हणतोय. तेव्हा मी 'लबाड' म्हणालो होतो.

मग संध्याकाळी जे ऐकलं त्याने माझी खात्रीच पटली. मी बोळातून जात होतो. झेरॉक्सच्या खोलीत तो प्रमुख आणि देखरेख विभागाच्या बाई उभ्या होत्या. म्हणजे देखरेख आणि चौकशी, एका खोलीत, हळू आवाजात! मी भिंतीवरची आगीची सूचना वाचत उभा राहिलो.

"चौकशी झाली का पूर्ण?" बाईंनी विचारलं.

"झाली. खोट काढण्यासारखं काही नाही. दोन्हीकडून पसंती आहे. म्हाताऱ्याचाच काय तो प्रश्न आहे."

"मग त्याला वास लागायच्या आत जुळवून टाका," बाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या. यावर प्रमुख काय म्हणाला ते झेरॉक्सच्या मशीनने मला ऐकू दिलं नाही.

पण आणखी काय ऐकायचं होतं! कागदावर अपुरी असलेली चौकशी आतल्या आत पूर्ण झाली होती. देखरेख आणि चौकशी, दोन्ही विभागांची पसंती होती. आता निष्कर्ष जुळवायचा तेवढा बाकी. आणि आड येत होता एक म्हातारा, म्हणजे मी. फसवणुकीपेक्षा मला 'म्हातारा' जास्त लागलं, हे कबूल करतो.

खोलीवर गेल्यावर घरी फोन केला. घरच्यांशी बोलून जरा शांत वाटेल म्हटलं. तर बायकोने जेवलात का, हेही न विचारता थेट विचारलं, की तिथले चौकशीवाले स्वभावाने कसे आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने माझ्या कामातलं कधी काही विचारलेलं नाही. म्हटलं, तुला कोणी सांगितलं मी चौकशीवाल्यांकडे आहे ते? ती म्हणाली, फोनवर नको, फोनवर काही बोलायचं नाही हा तुमचाच नियम आहे, आल्यावर सांगते. मग मागून मुलीने फोन घेतला. आमची मुलगी दातांची डॉक्टर आहे, उगाच तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "बाबा, त्या प्रमुखांशी जरा नीट बोला. माझ्यासाठी."

म्हणजे मंडळी माझ्या घरात शिरली होती! बायको फितवली, मुलगी फितवली. काय दिलं असेल? त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

सकाळी समारोपाची बैठक. लांबलचक टेबल, सगळ्या सभासद देशांचे प्रतिनिधी, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. निकाल लागायचा म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी उभा राहिलो. आधी बोळातलं संभाषण शब्दशः सांगितलं. मग म्हणालो, की या कार्यालयात देखरेख आणि चौकशी यांचं साटंलोटं आहे, आणि ते झाकण्यासाठी चौकशीप्रमुखांचे हात माझ्या घरापर्यंत पोचले आहेत. काय खासगी बोलायचंय ते त्यांनी आता इथेच बोलावं.

प्रमुख उठला. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल.

"हात नाही पोचले, साहेब. मुलगा पोचलाय. तुमच्याच गावात नोकरीला आहे. दाढ दुखत होती म्हणून तुमच्या मुलीकडे गेला, ती दाढ पडली तरी जातोच आहे. दोघं लग्न करायचं म्हणतायत." तो घोटभर पाणी प्यायला. "आमच्या मंडळींनी तुमच्या घरची चौकशी केली, ती पूर्ण झाली. साटंलोटं नाही हो, एकच लग्न आहे."

कोणीतरी खोकलं. देखरेखीच्या बाईंनी टेबलाखाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधलं. मग त्याच गंभीरपणे म्हणाल्या, की तपासायला कोण येतंय हे कळताच प्रमुखांनी ही गोष्ट नियमाप्रमाणे कार्यालयाला कळवली होती, आणि तपासनिसांना पहिल्याच तासात सांगायची असं ठरलं होतं. तपासनीस ऐकत नव्हते. "हितसंबंध लगेच जाहीर होतात का, असा तुमचाच प्रश्न आहे ना?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे झालेत. तुमच्याकडचं काय?"

मी खाली बसलो. या खोलीत नातं लपवून बसलेला माणूस एकच होता आणि तो म्हणजे मी. तपासणी तिथल्या तिथे रद्द झाली.

बाहेर येऊन मुलीला फोन लावला. नियम मोडून फोनवरच विचारलं, की मला का नाही सांगितलंस. आधीच्या मुलाच्या वेळी मी त्याच्या घरमालकाला, शाळेच्या मास्तरांना आणि न्हाव्याला भेटून आलो होतो, आणि त्या मुलाने परत तोंड दाखवलं नाही, याची तिने आठवण करून दिली. म्हटलं, अगं, बापाने मुलाची चौकशी करायची नाही का?

"करायची ना. पण तुम्ही अपघात झाल्यासारखी करता, बाबा," ती म्हणाली. "आमचं विमान अजून उडालंही नव्हतं."

तिचा आवाज जरा ओला वाटला, माझाही झाला. लग्नाला माझी हरकत नाही असं मी सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कारण न विचारता फोन ठेवला.

पण नोकरीचं गंडांतर उभंच होतं. मी नातं मुद्दाम लपवलं की मला ठाऊकच नव्हतं, हे ठरवायला आमच्याच ऑफिसातली एक तपासनीस घरी आली. मीच तयार केलेली! आल्या आल्या तिने दार सताड उघडं ठेवायला लावलं, चहाला नको म्हणाली आणि मला आत पाठवलं. मी पडद्याआडून ऐकत होतो. तिने बायकोला खोदून खोदून विचारलं, की मुलगा इतके महिने घरी येत-जात होता, जिन्यात दोनदा यांच्या अंगावर आदळला होता, आणि तरीही यांना काहीच कळलं नाही, हे खरं कसं मानायचं?

बायको तिला म्हणाली, "अगं, मागच्या वर्षी मी दिवाणखान्याचा रंग बदलला. ते यांना अजून कळायचंय."

तपासनीस बाईंनी एकदा भिंतीकडे बघितलं आणि मला निर्दोष ठरवलं. माझी नोकरी वाचली. ती गेल्यावर मी बाहेर आलो आणि भिंतीला हात लावून बघितला. रंग हिरवा आहे. आधी कोणता होता, ते मात्र बायकोला विचारायची माझी हिंमत झालेली नाही.